ट्रॅक्टरचे जन्मसाल

माणसाचे जन्मसाल शाळेच्या दाखल्यावरून कळते. जुन्या यंत्राचे काढायचे, तर घरच्यांची आठवण आणि खुद्द लोखंड अशा दोघांच्या साक्षी घ्याव्या लागतात. आणि त्या एकमेकींशी जुळतीलच असे नाही!

आमच्या आजोबांचा फर्ग्युसन ट्रॅक्टर वडिलांच्या पश्चात आम्हां दोघा भावांकडे आला. इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गोठ्याशेजारी तो वीस वर्षे नुसता उभा होता. भंगारवाला भाव करून गेला, तेव्हा धाकटा म्हणाला, "विकायचा नाही. चालू करायचा." गावच्या मिस्त्रीने पहिलाच प्रश्न टाकला, "सर, साल कुठलं? पिस्टन त्यावर ठरतो."

आमची आत्या ऐंशीच्या घरातली. तिने क्षणभरही विचार न करता सांगितले, "अरे, पानशेत फुटलं त्याच साली अण्णांनी आणला. लालभडक होता!" पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी. मग १९६१ चाच धरावा काय?

तसे धरता येत नाही. हॅरी फर्ग्युसन यांचा हा आटोपशीर ट्रॅक्टर, टीई-२०, इंग्लंडात कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात तयार झाला. पाच लाख सतरा हजारांहून अधिक नग बाहेर पडले, आणि त्यांचा रंग राखी. १९५३ मध्ये फर्ग्युसनांची कंपनी मॅसी-हॅरिस कंपनीशी एक झाली. पुढे मॅसी फर्ग्युसन या नावाबरोबर लाल रंग आला, तोवर टीई-२० चे उत्पादन थांबले होते. बॉनेटवरचा लाल पोपडा नखाने उचलला, तर खाली राखी रंग निघाला. म्हणजे आजोबांनी घेतला तो वापरलेला आणि मागाहून रंगवलेला ट्रॅक्टर.

खरी साक्ष स्टिअरिंगजवळच्या धातूच्या पट्टीची. रॉकेलचा बोळा फिरवल्यावर ती बोलू लागली. तिच्यावरील अक्षरांतून इंधन कळते : टीईए म्हणजे पेट्रोल, टीईएफ म्हणजे डिझेल आणि टीईडी म्हणजे पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलसारख्या तेलावर चालवायचे इंजिन. आमचा टीईडी निघाला. क्रमांक दोन लाख दहा हजारांच्या आसपास. उत्पादनाच्या यादीत तो १९५१ मध्ये बसतो.

एवढ्यावर मिस्त्रीचे समाधान झाले नाही, आणि ते योग्यच होते. पट्टी ट्रॅक्टरचे साल सांगते, इंजिनाचे नव्हे. दुरुस्तीत कुणी जुने इंजिन बसवले असले तर? या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास आधी ८० मिलिमीटर होता, तो १९५१ मध्ये ८५ झाला. चुकीचे पिस्टन आणले असते, तर पैसे पाण्यात गेले असते. हेड उतरवून मोजले, ८५ भरले. इंजिन आणि पट्टी यांचे एकमत झाले.

उरला रंगाचा प्रश्न. धाकट्याचे म्हणणे, १९५१ चा आहे तर राखीच हवा. आत्या म्हणाली, "राखी रंगाचा ट्रॅक्टर आमच्या दारात कधी आलाच नाही."

मी वर्गात ज्ञानेश्वरी शिकवतो. ग्रंथ शके १२१२ चा. एकनाथांनी त्याची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये. विद्यार्थ्यांना दोन्ही साले पाठ करावी लागतात. एक ग्रंथाच्या जन्माचे, दुसरे तो आपल्या हाती कसा आला याचे. आमच्या ट्रॅक्टरलाही अशी दोन साले आहेत. कारखान्याचे १९५१, घराचे १९६१. सुटे भाग पहिल्या सालाप्रमाणे घ्यावे लागतात, तिथे आठवणीला मत नाही. रंगाला मात्र आहे. कारण हा ट्रॅक्टर आम्ही ठेवतो आहोत तो कॉव्हेंट्रीसाठी नव्हे, आजोबांसाठी.

तेव्हा रंग लालच द्यायचा ठरला आहे. पट्टीला तेवढा ब्रश लागू द्यायचा नाही, असे मिस्त्रीला बजावले आहे. तिच्यावरचा क्रमांक आमच्यानंतरच्या माणसालाही वाचता आला पाहिजे.