मधातली सरी फुकट जात नाही



मृग तोंडावर आला आहे. बियाण्याच्या बॅगा घरात येऊन पडल्या, ट्रॅक्टरवाल्याला सांगून ठेवलं. यंदा आपले बरेच सभासद पहिल्यांदाच बीबीएफ यंत्रानं, म्हणजे रुंद वरंबा सरी पद्धतीनं सोयाबीन पेरणार आहेत. आठवडाभरापासून मला एकच प्रश्न फिरून फिरून येतो आहे : "मॅडम, मधात सरी सोडली की तेवढी जागा फुकट जाते न?"

हा प्रश्न मला नवा नाही. डिप्लोमा करून घरी आले, तेव्हा पहिला वाद यावरूनच झाला. बाबा धुऱ्यावर उभे राहून म्हणाले, "काहून सोडतं वो माय एवढी जागा? पोतंभर सोयाबीन झालं असतं तिथं." शेवटी तडजोड झाली. अर्धं वावर त्यांच्या पद्धतीनं सपाट, अर्धं बीबीएफवर.

श्रावणात चार दिवस झड लागली. सपाट भागात पाणी तुंबलं, झाडं पिवळी पडली. वरंब्यावरच्या भागातलं पाणी सरीतून धुऱ्याकडे निघून गेलं. पुढं भाद्रपदात पावसानं दडी मारली, तेव्हा दुपारी सपाट भागातली पानं आधी माना टाकत होती. सोंगणीच्या वेळी बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या मृगात ट्रॅक्टरवाल्याला फोन मात्र त्यांनीच केला.

एका वावराच्या एका वर्षावरून सगळं ठरवू नका. कारण समजून घ्या. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, पण लवकर निचरा होऊ देत नाही. पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही आणि मुळांवरच्या गाठीही काम करेनाशा होतात. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-अकोट-तेल्हारा भागात, हा त्रास जास्त. तिथं विहिरीचं पाणीही खारं, म्हणजे पावसात खंड पडला तर पिकाला द्यायला गोडं पाणी नाही. अशा जमिनीत सरी दोन कामं करते : जास्तीचं पाणी बाहेर काढते आणि थोडा पाऊस झाला तर तो मुरवते. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेनं 1970 च्या दशकात काळ्या जमिनीसाठीच या पद्धतीवर काम केलं. आपल्याकडं पोकरा प्रकल्पात याच पद्धतीवर भर दिला गेला.

आता "फुकट जागे"चा हिशोब करू. सपाट पेरणीत एकरी 30 किलो बियाणं लागतं. बीबीएफवर साधारण 22 किलो पुरतं. आठ किलो बियाणं तिथंच वाचलं. सरीच्या बाजूच्या ओळींना ऊन आणि हवा जास्त मिळते, त्या ओळी फुटवा चांगला धरतात. फवारणीला मधात चालायला वाट मिळते, पीक तुडवलं जात नाही.

यंत्र मिळालं नाही तरी अडू नका. पट्टापेर करा. सहा ओळी पेरल्या की सातवी खाली सोडा. डवरणीच्या वेळी डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी गच्च गुंडाळून त्या मोकळ्या ओळीत सरी पाडा. खर्च फक्त दोरीचा.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. यंत्र फक्त ओळ पाडते. पीक उभं राहील की नाही, ते पुढच्या पाच गोष्टींवर ठरतं.

1. उगवण तपासा. बॅग कंपनीची असो की घरची, 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. पाच-सहा दिवसांनी मोजा. 70 किंवा जास्त उगवले तर ठीक. कमी असतील तर सपाट पेरणीसाठी 30 ला 70 नं गुणा आणि उगवणीच्या आकड्यानं भागा. म्हणजे 60 दाणे उगवले तर एकरी 35 किलो लागेल. उगवण याहून फार कमी आली तर ते बियाणं पेरू नका.

2. बीजप्रक्रिया करा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम आणि पीएसबी. जिवाणू कल्चर पेरणीच्या अगदी आधी लावा आणि बियाणं सावलीत सुकवा. हात हलका ठेवा. सोयाबीनचं साल पातळ असतं. बॅग गाडीवरून आपटली तरी दाणा आतून फुटतो.

3. पावसाची घाई करू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय पेरू नका. वरची माती ओली दिसते म्हणून पेरलं आणि आठ दिवस ऊन पडलं, तर दुबार पेरणी. ते पैसे कुठून येतात हे तुम्हाला माहीत आहे.

4. पहिल्या फेरीनंतर ट्रॅक्टर थांबवा. ओळ उकरून पाहा. दाणा दोन बोटं खोल, म्हणजे तीन ते चार सेंटिमीटरवर असावा. उगवल्यावर मीटरभर ओळीत वीसच्या आसपास रोपं हवीत, म्हणून उगवण 70 टक्के असेल तर तेवढ्यात 28 दाणे पडले पाहिजेत. ड्रायव्हरला घाई असते, कारण त्याला पुढचं वावर गाठायचं असतं. सोबत माणूस चालू शकेल एवढाच वेग ठेवायला सांगा.

5. सरीचं तोंड मोकळं ठेवा. पेरणी उताराला आडवी करा, पण सरीतलं पाणी धुऱ्याच्या नालीत जायला वाट हवी. तोंड बुजलं तर सरीचंच डबकं होतं.

सोंगणीचं आत्ताच कशाला, असं वाटेल. पण पुढच्या वर्षीचं बियाणं याच पिकात आहे. 2019 च्या ऑक्टोबरात सोयाबीन पावसात भिजलं आणि 2020 च्या खरिपात बियाणं उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. म्हणून वावरातला चांगला तुकडा आजच बियाण्यासाठी मनात धरून ठेवा. त्यात वेगळ्या वाणाची झाडं दिसली तर फुलोऱ्यात उपटून टाका. शेंगा पिवळ्या-तपकिरी झाल्या की सोंगा, गंजीवर ताडपत्री ठेवा, मळणी यंत्राचे फेरे 400 च्या आत ठेवा आणि थप्पी सात पोत्यांपेक्षा उंच लावू नका.

आज संध्याकाळी फक्त एक काम करा : 100 दाणे मोजून गोणपाटात ठेवा. किती उगवले तो आकडा याच मेसेजला उत्तर म्हणून पाठवा. घरी सरीवरून वाद झाला, तर अर्धं-अर्धं पेरा. बाकीचं श्रावणातली झड सांगेल.

आपली,
कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी