अप्रगत मुलांचे वाचन

पाठ झालेला धडा घडाघडा म्हणणारे मूल त्यातील एकच शब्द फळ्यावर लिहिताच अडखळते. असे मूल गणितातील उदाहरणही वाचू शकत नाही आणि विनाकारण ‘मठ्ठ’ ठरते. उणीव बहुधा बुद्धीची नसून अध्यापनातील क्रमाची असते.

सातारा जिल्ह्यात फलटण येथे डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ साली स्थापिलेल्या प्रगत शिक्षण संस्थेने असा क्रम बसविला. प्रथम सर्व मुळाक्षरे घोकून न घेता थोडी अक्षरे व स्वरचिन्हे एकत्र शिकवावीत. क, म, ल व काना एवढ्यावरच काका, मका, काम, माला हे शब्द वाचता येतात. प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारावा. पुढील गट घेण्यापूर्वी प्रत्येक मुलाकडून स्वतंत्रपणे वाचून घ्यावे. कारण सामुदायिक वाचनात न वाचणारे मूल लपून राहते.