दगडाचे हत्यार घडविण्यास शिकताना

यशवंतपूर हा बंगळूर शहराचा एक भाग आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने, अश्मयुगीन मानवाप्रमाणे आपणही दगडाचे हत्यार घडवून पाहावे असे मनात आणले, तर तो प्रथम पायाखालचाच दगड उचलील. त्यावर दुसऱ्या दगडाने घाव घालताच त्याचा भुगा होईल किंवा तो वेडावाकडा फुटेल. धार मात्र मिळणार नाही. हा दोष केवळ त्याच्या हाताचा नव्हे. बंगळूरच्या भूमीखाली मुख्यतः नाइस जातीचा खडक आहे. लालबागेतील टेकडीत तो उघडा पडलेला दिसतो आणि त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे आहे. या खडकात निरनिराळ्या खनिजांचे जाडसर कण पट्ट्यापट्ट्यांनी बसलेले असतात. घावामुळे पडणारी भेग त्या कणांच्या सांध्यांतून वाट काढते. म्हणून ती सरळ जात नाही.

हत्यारासाठी दगड बारीक कणांचा, एकजिनसी व काचेप्रमाणे ठिसूळ असावा लागतो. चर्ट, अकीक, कॅल्सेडनी हे असे दगड होत. महाराष्ट्रातील काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत कॅल्सेडनी सापडते, आणि नद्यांच्या पात्रांत तिचे गोटे मिळतात. दगड हातात सैल धरून दुसऱ्या दगडाने हळूच ठोकावा. नाद स्वच्छ आला तर तो बहुधा अखंड असतो. बद्द आवाज आला तर आत भेग आहे असे समजावे.

आता घाव कसा घालावयाचा ते पाहू. खिडकीच्या काचेवर छर्रा आदळला की पुढील बाजूस बारीक आणि मागील बाजूस रुंद असे छिद्र पडते, कारण आघात काचेत शंकूच्या आकाराने पसरतो. दगडातही तेच घडते. घाव कडेजवळ बसला, तर त्या शंकूचा थोडाच भाग दगडात मावतो आणि एक पातळ छिलका सुटून येतो. छिलक्याच्या आतील बाजूस घावाच्या जागेखाली लहानसा फुगवटा दिसतो. मनुष्याने घातलेला घाव ओळखण्याची ही एक महत्त्वाची खूण आहे.

नवशिक्याच्या चुका बहुधा तीन असतात. पहिली, तो दगडाच्या मध्यावर घाव घालतो. दुसरी, घाव घालावयाचा पृष्ठभाग आणि छिलका जेथून सुटावयाचा ती बाजू यांमधील कोन ९० अंशांहून लहान आहे की नाही, हे तो पाहत नाही. तिसरी, कड नाजूक असताना ती खरबरीत दगडाने घासून बळकट करीत नाही. मग कडच चुरडते. छिलका अर्ध्यावर तुटून पायरी उरली, की तो तेथेच अधिक जोराने घाव घालतो आणि पायरी वाढत जाते. अशा वेळी हात थांबवून दगड फिरवावा व नवी कड शोधावी. या कलेत बळापेक्षा पाहण्याला अधिक महत्त्व आहे.

हे पाहणे किती जुने आहे, याची साक्ष कर्नाटकातच मिळते. यादगीर जिल्ह्यातील हुणसगी खोऱ्यात इसामपूर येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे प्रा. के. पद्दय्या यांनी उत्खनन केले. सुमारे १२ लक्ष वर्षांपूर्वी तेथील मानव चुनखडकाच्या लाद्या निवडून त्यांपासून हातकुऱ्हाडी व रुंद धारेची हत्यारे घडवीत असे. ठोकण्याचे दगड, अर्धवट हत्यारे आणि छिलके तेथेच पडून राहिले. या टाकाऊ मालामुळेच कामाचा क्रम आज उलगडतो. ज्याने स्वतः शंभर छिलके बिघडविले आहेत, त्याला ती रास अधिक चांगली वाचता येते.

मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली प्रकृतीची. छिलक्याची कड वस्तऱ्यासारखी कापते. म्हणून डोळ्यांवर चष्मा, पायांत बूट आणि मांडीवर जाड कातडे असावे. दगडाची धूळ त्याहून घातक आहे. गुजरातेत खंभात येथे अकीक घासणाऱ्या कारागिरांना त्या धुळीमुळे सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडलेला आहे. यासाठी काम उघड्या हवेत करावे, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधावी, धूळ कोरडी झाडू नये.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची. प्राचीन स्थळावरील दगड सरावासाठी उचलणे म्हणजे ग्रंथाचे पान फाडणे होय. तसेच आपले छिलके रानात टाकल्यास पुढील संशोधक त्यांना प्राचीन समजून फसू शकेल. यासाठी चादर अंथरून त्यावर काम करावे, सर्व तुकडे गोळा करावे, आणि ते पुरावयाचेच असतील तर त्यांच्या तळाशी वर्ष कोरलेले एखादे चालू नाणे ठेवावे. इसामपूरच्या कारागिराने नकळत मागे ठेवलेली नोंद खरी होती. आपली नोंदही खरीच असली पाहिजे.