मुंबईत जन्मलेला आसिफ मांडवी : विनोद लिहिणाऱ्या माणसाचं काम नेमकं काय असतं?

घरातलं पोर नकला करायला लागलं की सगळे खूश असतात. पाहुणे आले की फर्माईश होते, 'मामूसारखं चालून दाखव', 'शेजारच्या चाचांसारखं बोलून दाखव'. पण तेच पोर बारावीनंतर 'मला हेच करायचंय' म्हणालं, की अब्बांचा चेहरा बदलतो. आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे असे पालक आम्हाला भेटत असतात. त्यांचे सवाल दोनच. पोट कसं भरणार? आणि लोकांना हसवण्यासाठी आपल्याच लोकांची टिंगल करावी लागणार का? दुसरा सवाल जास्त खोल आहे. म्हणून आज अमेरिकेतल्या एका विनोदकाराचं काम जरा तपशिलात पाहू.

आसिफ हकीम मांडवीवाला यांचा जन्म 1966 चा, मुंबईतला. घर दाऊदी बोहरा. मूल वर्षाचं असताना कुटुंब इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला गेलं. तिथं वडिलांचं कोपऱ्यावरचं दुकान होतं. आसिफ सोळा वर्षांचे असताना सगळे अमेरिकेत फ्लोरिडाला गेले. तिथल्या विद्यापीठात त्यांनी नाटकाचं शिक्षण घेतलं आणि पुढं न्यूयॉर्क गाठलं. आडनावातला 'वाला' वाटेत गळाला, 'मांडवी' राहिलं.

न्यूयॉर्कमध्ये आपल्या रंगाच्या नटाला मिळणारी कामं ठरलेली असायची. टॅक्सीवाला, दुकानदार, डॉक्टर. तुमच्या मुलांनी 'स्पायडर-मॅन 2' पाहिला असेल, तर पीटर पार्करला नोकरीवरून काढणारा पिझ्झावाला आठवेल. तो हाच माणूस. ही कामं कमी दर्जाची होती असं आम्ही म्हणत नाही, घर त्यांच्यावरच चालतं. पण अशा कामात बोलायची वाक्यं दुसरा कुणीतरी लिहितो, आणि त्या दुसऱ्याने कधी आपल्या दस्तरखानावर बसून जेवलेलं नसतं.

मांडवींनी स्वतः लेखणी घेतली ती इथं. 1998 मध्ये त्यांचं 'सकीनाज रेस्टॉरंट' हे एकपात्री नाटक रंगमंचावर आलं. एकपात्री म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पु. ल. देशपांडेंनी एकट्याने 'बटाट्याची चाळ' उभी केली, लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये बावन्न पात्रं करायचे. मांडवींच्या नाटकात पात्रं सहा. भारतातून आलेला साधाभोळा अज़गी, त्याला न्यूयॉर्कच्या हॉटेलात कामाला ठेवणारे हकीम, त्यांची बायको फरीदा, मुलगी सकीना, धाकटा समीर आणि सकीनाशी लग्न ठरलेला अली. पोरांना अमेरिकन व्हायचंय आणि आई-बापाला मुलं आपली राहायला हवीत, इतकंच कथानक. पण बाई असो वा पोरगं, प्रत्येकाला तो नट आतून बोलतो. प्रेक्षक हसतात ते फरीदावर नाही, फरीदाबरोबर. या नाटकाला न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर मानाचा समजला जाणारा ओबी पुरस्कार मिळाला. पुढं त्याच धाग्यावर त्यांनी सहलेखन केलेला 'टुडेज स्पेशल' हा सिनेमा 2009 मध्ये आला. त्यात नसीरुद्दीन शाह आहेत.

आता फरक समजून घेऊ. स्टँड-अपमध्ये माणूस एकटा उभा राहून 'मी' म्हणून बोलतो. विनोद पडला की नाही हे त्याला त्याच क्षणी कळतं, आणि उद्याच्या शोमध्ये तो वाक्य बदलतो. नाटकात पात्राआड लपता येतं, पण लिहिलेलं वर्षानुवर्षं टिकावं लागतं. टीव्हीवरचा रोजचा कार्यक्रम तिसराच प्रकार. तिथं लेखकांची अख्खी टोळी असते. सकाळी बातम्या चाळायच्या, दुपारपर्यंत मजकूर तयार करायचा, संध्याकाळी चित्रीकरण आणि रात्री ते शिळं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरा कागद. (परीक्षेच्या दिवसांत पेपर काढणाऱ्यांना हे दुःख समजेल.)

9 ऑगस्ट 2006 ला मांडवींची 'द डेली शो'साठी निवड झाली आणि त्याच संध्याकाळी ते पडद्यावर आले. तिथं ते गंभीर चेहऱ्याचा खोटा वार्ताहर व्हायचे. जगात कुठंही मुसलमानांची बातमी असली की यांनाच पुढं करायचं, आणि त्या पुढं करण्याचीच थट्टा उडवायची. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तिथला प्रत्येक मुस्लिम जणू सगळ्या कौमचा प्रवक्ता समजला जात होता. ती वेदनाच इथं विनोद झाली.

2013 ची एक मुलाखत आम्हाला फार महत्त्वाची वाटते. नॉर्थ कॅरोलायनात मतदारांकडे ओळखपत्र मागण्याच्या कायद्यावर मांडवी एका स्थानिक पक्ष पदाधिकाऱ्याशी बोलत होते. आवाज न चढवता, अदबीने सवाल विचारत गेले. तो गृहस्थ कॅमेऱ्यासमोर वंशद्वेषी बोलून गेला आणि त्याला पद सोडावं लागलं. उर्दूत तंज़ आणि मिज़ाह असे दोन वेगळे शब्द आहेत. मिज़ाह नुसता हसवतो, तंज़ला धार असते. इथं धार दुर्बळाकडे नव्हती, हे ध्यानात घ्यावं.

2015 मध्ये त्यांनी 'हलाल इन द फॅमिली' ही चार छोट्या भागांची वेब मालिका काढली. जुन्या कौटुंबिक मालिकांची नक्कल, फक्त घर मुस्लिम. विषय मात्र हलके नाहीत. मशिदीत हेर सोडले जाण्याचा संशय, शाळेत मुस्लिम पोरांना होणारा त्रास. बाप जितका स्वतःला 'पक्का अमेरिकन' दाखवायला जातो, तितका तो अडकत जातो. आपल्याकडच्या अनेक घरांना हा बाप ओळखीचा वाटेल.

टीकाही झाली पाहिजे, म्हणून सांगतो. मांडवींचं सगळंच काम घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहण्यासारखं नाही. 2012 मध्ये त्यांनी अयाद अख्तर यांच्या 'डिसग्रेस्ड' नाटकात प्रमुख भूमिका केली. आपल्या धर्मापासून दूर गेलेल्या वकिलाची ती गोष्ट. नाटकाला पुढं पुलित्झर मिळालं, पण मुसलमानाचं असं चित्र रंगवावं का, यावर आजही वाद होतो. तो वाद आम्हाला रास्त वाटतो. मोठ्या वर्गातल्या मुलांशी तो जरूर करावा.

'सकीनाज रेस्टॉरंट' 2018 मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं. मांडवी तेव्हा बावन्न वर्षांचे होते. सूटकेस घेऊन पहिल्यांदा परदेशी आलेला तरुण अज़गी त्यांनी स्वतःच केला, आणि सकीनाही.