ट्रॅक्टरच्या इंजिनातील पाणी कमी होणे : कारणे व उपाय

ऐन पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टरचे इंजिन तापून बंद पडले, तर केवळ दुरुस्तीचा खर्चच अंगावर पडतो असे नाही. जमिनीचा वाफसा निघून जातो आणि तो पैसे देऊन परत मिळत नाही. अशा वेळी चौकशी केली असता पुष्कळदा असे कळते की, गेले कित्येक दिवस रेडिएटरमध्ये रोज तांब्या-दोन तांबे पाणी घालावे लागत होते व तेवढ्यावर काम भागत होते. वस्तुतः इंजिनातील पाण्याचा मार्ग बंदिस्त असतो. त्यातील पाणी रोज कमी होत असेल, तर ते कोठेतरी जात असले पाहिजे. आणि जाण्याच्या वाटा तीनच आहेत : बाहेर जमिनीवर, खाली तेलात, किंवा धुरावाटे हवेत. यांपैकी कोणती वाट आहे हे ठरविल्यावाचून इंजिन खोलू नये व कोणास खोलू देऊ नये.

प्रथम एक सावधगिरी. रेडिएटरचे झाकण हे घागरीवरील झाकणासारखे नसते. त्यातील स्प्रिंग आतील पाणी दाबाखाली ठेवते. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम इतका जादा दाब असल्यास पाणी 100 ऐवजी सुमारे 111 अंश सेल्सिअसला उकळते. तापलेल्या इंजिनाचे झाकण एकदम उघडल्यास हा दाब क्षणात नाहीसा होतो, पाण्याची वाफ होऊन ते उसळते आणि तोंड व हात भाजतात. याकरिता इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबावे, झाकणावर जाड कापडाची घडी ठेवावी, ते पहिल्या खाचेपर्यंतच फिरवून दाब जाऊ द्यावा व मग पूर्ण काढावे. तसेच तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. त्यामुळे हेडला तडा जाण्याचा संभव असतो.

आता बाहेरील गळती. इंजिन व रेडिएटर धुऊन कोरडे करावे आणि रात्री ट्रॅक्टरखाली जाड पुठ्ठा पसरावा. सकाळी डाग कोठे पडला आहे त्यावरून वरची जागा शोधता येते. थेंब दिसला नाही तरी निराश होऊ नये. गरम इंजिनावर पडलेले पाणी वाळून जाते व मागे पांढरी, तांबूस किंवा कूलंटच्या रंगाची खूण ठेवते. रबरी नळ्यांची टोके, रेडिएटरच्या खालचा निचऱ्याचा नळ व थर्मोस्टॅटच्या घराचा सांधा ही नेहमीची ठिकाणे होत. नळी हाताने दाबून पाहावी. चिरलेली, फुगलेली किंवा लिबलिबीत झालेली नळी बदलावी. तिला तार गुंडाळणे हा उपाय नव्हे.

पाण्याच्या पंपाच्या खालच्या बाजूस एक लहान छिद्र असते. आतील सील झिजले म्हणजे तेथून पाणी ठिबकू लागते. हे छिद्र मुद्दाम ठेवलेले असते : पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर यावे व मालकास सूचना मिळावी, हा त्याचा हेतू. काही ठिकाणी ते साबणाने किंवा चिकट लांबीने बुजविलेले आढळते. असे केल्याने सूचना बंद होते, बिघाड बंद होत नाही; आणि पुढे बेअरिंग जाऊन पंखा रेडिएटरवर आदळू शकतो. सील किंवा पंप बदलणे हाच येथे मार्ग आहे.

गळती नसताना गळतीचा भासही होतो. पाणी तापले की ते तीन-चार टक्के प्रसरण पावते. ज्या ट्रॅक्टरला जादा पाणी साठविणारी बाटली नाही, त्याचा रेडिएटर काठोकाठ भरल्यास तेवढे पाणी बाहेर पडणारच. दुसऱ्या दिवशी पुन्हा काठोकाठ भरले की पुन्हा तेच. पुस्तिकेत सांगितलेल्या पातळीपर्यंतच पाणी भरावे. पातळी तरीही उतरत राहिली, तर झाकणाचे रबर तपासावे. अल्प किमतीची ही वस्तू अनेकदा खरी दोषी ठरते.

बाहेर काहीच आढळले नाही, तर आतील दोन वाटा उरतात. तेल मोजण्याची पट्टी काढून पाहावी. तेलाची पातळी आपोआप वाढली असेल किंवा तेल दुधाळ चहासारखे दिसत असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. शंका राहिल्यास ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी तेल काढण्याचा बोल्ट किंचित सैल करावा. पाणी जड असल्याने ते तळाशी बसते व तेलाच्या आधी बाहेर येते. असे आढळल्यास इंजिन मुळीच सुरू करू नये. पाणीमिश्रित तेल बेअरिंगांचे रक्षण करीत नाही.

धुरावाटे जाणाऱ्या पाण्याची परीक्षा थंड इंजिनावरच करावी. झाकण काढून इंजिन सुरू केले असता रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे सतत येत राहिले, तर सिलिंडरमधील वायू पाण्यात शिरत आहे. बहुधा हेड गॅस्केट जळले आहे किंवा हेडला तडा गेला आहे. पांढरा धूर हीही एक खूण आहे, परंतु थंडीत सकाळी थोडी वाफ दिसणे स्वाभाविक असते, आणि न जळलेल्या डिझेलचाही धूर पांढराच असतो. डिझेलचा धूर डोळ्यांना झोंबतो, हा भेद ध्यानात ठेवावा.

गॅस्केट बदलणे हे जाणत्या कारागिराचे काम आहे. मात्र मालकाने तेथे उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात. हेडची बैठक सपाट आहे की नाही हे सरळ पट्टीने तपासले जावे, गॅस्केट नवेच घातले जावे, आणि बोल्ट पुस्तिकेतील क्रमाने व टॉर्क पान्याने टप्प्याटप्प्याने आवळले जावेत. तेलात पाणी आलेच असेल तर लायनरखालील रबरी कड्याही तपासून घ्याव्यात व तेल आणि फिल्टर बदलावा.

रेडिएटरच्या बारीक गळतीवर हळद टाकण्याची युक्ती सर्वत्र माहीत आहे. ती कण फुगून छिद्रात अडकल्याने लागू पडते, पण तेच कण रेडिएटरच्या अरुंद नळ्यांतही अडकतात. रानातून घरापर्यंत येण्यापुरती तिची मदत घ्यावी, नंतर रेडिएटर धुऊन काढावा. पितळी रेडिएटरला डाख देता येतो. ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला साधा डाख धरत नाही.

आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न शेतकरी विचारतात. कूलंट गंज रोखते व पाण्याचा उत्कलनबिंदू वाढविते. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने आत खवले धरतात व लायनर खातो, म्हणून कूलंटमध्ये शुद्ध पाणीच मिसळावे. प्रमाण पुस्तिकेत दिलेले असते. परंतु पुष्कळशा कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड व अत्यंत विषारी आहे. काढलेले कूलंट गोठ्याजवळ उघडे ठेवू नये, पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नये. सांडल्यास त्यावर माती टाकून ती माती कुत्री-वासरे पोहोचणार नाहीत अशा रीतीने भरून ठेवावी.