टिकाऊ वस्त्रव्यवसाय : महिलांसाठी एक गृहोद्योग

वस्त्र ही मानवाची मूलभूत गरज होय. तथापि गेल्या काही दशकांत वस्त्रनिर्मितीचा वेग व वस्त्रांचा अपव्यय हे दोन्ही झपाट्याने वाढले आहेत. स्वस्त कपडा अल्पकाळ वापरून टाकून द्यावयाचा, या प्रवृत्तीची किंमत कोणाला तरी मोजावीच लागते. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील राणा प्लाझा ही तयार कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेनंतर टिकाऊ व न्याय्य वस्त्रव्यवसायाचा विचार जगभर अधिक गांभीर्याने होऊ लागला. महिलांना अल्प भांडवलात या क्षेत्रात कोणते उद्योग करता येतील, याचा विचार हैदराबाद येथील नल्लकुंटा या वस्तीच्या संदर्भात येथे केला आहे.

अनुकूल परिस्थिती

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यात समाविष्ट होते. त्या निकट संबंधामुळे काचिगुडा, बरकतपुरा व नल्लकुंटा या वस्त्यांत मराठी कुटुंबे राहत आली आहेत. हैदराबादच्या भोवताली हातमागाची जुनी केंद्रे आहेत. मराठी स्त्रियांच्या आवडीची नारायणपेठी साडी तेलंगणातील नारायणपेठ येथील होय. पोचमपल्ली हे गाव १९५१ साली विनोबाजींच्या भूदान चळवळीचा उगम म्हणून मराठी वाचकांस परिचित आहे. तेथील इकत कापडास भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही प्राप्त झालेले आहे. उज्रम्मा यांच्या पुढाकाराने हैदराबाद येथून चालविल्या गेलेल्या ‘मलखा’ या उपक्रमाचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. मलमल व खादी या दोन शब्दांवरून हे नाव सिद्ध झाले आहे. कापसाच्या दाबून गाठी न बांधता, शेतीच्या जवळच लहान यंत्रांवर सूत काढून ते हातमागावर विणावयाचे, ही त्यातील मुख्य कल्पना होय.

जुन्या वस्त्रांचा पुनरुपयोग

ज्यांच्याजवळ भांडवल कमी आहे, त्यांनी जुन्या सुती साड्यांपासून आरंभ करावा. मराठी घरांत जुन्या लुगड्याची गोधडी, बाळाची झबली व कुंची शिवण्याची प्रथा पूर्वापार आहे. वापराने मऊ झालेले सुती कापड बालवस्त्रांस उत्तम असते. साड्या जमा केल्यानंतर त्या स्वच्छ धुऊन उन्हात वाळवाव्यात. नंतर उजेडासमोर धरून विरलेला भाग वेगळा काढावा. तो गोधडीच्या आतील थरास उपयोगी पडतो. शाबूत भागाचे परकर, पोलकी व पिशव्या होतात, तर काठांचा उपयोग उशांच्या अभ्र्यांस करता येतो. कृत्रिम धाग्याचे कापड सुती कापडात मिसळू नये. रफू व दुरुस्तीचे काम हाही याच व्यवसायाचा भाग समजावा.

नैसर्गिक रंगकाम

सुती कापड वनस्पतिजन्य रंग सहजासहजी धरून ठेवीत नाही. म्हणून प्रथम हिरड्याच्या व नंतर तुरटीच्या पाण्यात ते भिजवावे लागते. त्यावर मंजिष्ठेचा तांबडा व डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग चढतो. निळीची प्रक्रिया मात्र वेगळी असून तिला तुरटी लागत नाही. हळदीचा रंग आकर्षक दिसला तरी उन्हात उडतो. प्रत्येक रंगाचा नमुना धुऊन व उन्हात ठेवून पाहावा आणि त्याचे गुणदोष ग्राहकास आधीच सांगावेत.

किंमत ठरविताना

गृहोद्योगातील सर्वांत मोठी चूक म्हणजे स्वतःचे श्रम हिशेबात न धरणे. उदाहरणादाखल, बाळाच्या एका गोधडीस जुनी साडी १५० रुपये व अस्तर-दोरा ५० रुपये असा खर्च आला आणि हाताने टाके घालण्यास बारा तास लागले, असे समजू. ती ५०० रुपयांस विकल्यास ३०० रुपये नफा झाल्याचे वाटते. वस्तुतः ती ताशी केवळ २५ रुपये मजुरी असून नफा काहीच नाही. ताशी ६० रुपये धरल्यास मजुरी ७२० रुपये होते. वीज व जाण्यायेण्याचे ८० रुपये मिळविले असता उत्पादनखर्चच १००० रुपये येतो. ही किंमत ग्राहक देणार नसेल, तर श्रम स्वस्त करण्याऐवजी कमी वेळात होणारी वस्तू निवडणे इष्ट. जो व्यवसाय टिकाऊ म्हणवितो, त्यात काम करणाऱ्या स्त्रीचे जीवनमानही टिकले पाहिजे.

उपलब्ध साहाय्य

लघुउद्योगांसाठी १ जुलै २०२० पासून ‘उद्यम’ नोंदणी सुरू झाली असून ती विनाशुल्क आहे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. तेलंगण शासनाने महिला उद्योजकांसाठी २०१८ साली ‘वी-हब’ ही संस्था स्थापन केली. महाराष्ट्रात १९७५ साली स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ बचत गटांच्या माध्यमातून कार्य करते.

प्रारंभी चार-पाच महिलांनी एकत्र यावे, एकच वस्तू निवडावी, आणि खरेदी, श्रमाचे तास व विक्री यांची नोंदवही रोजच्या रोज लिहावी. हातमागाचे एक वार कापड विकत घेतले तर विणकराच्या घरी काम राहते. ते जपून वापरले, दुरुस्त केले व पुन्हा उपयोगात आणले तर शिवणाऱ्या स्त्रीच्या हातीही चार पैसे येतात. या दोन्ही गोष्टी साधणे हेच या व्यवसायाचे खरे यश होय.