काळा गोळा आणि रखडलेली गाडी

टोकियोच्या भुयारी स्थानकात रुळांवर पडलेल्या एका दारुड्याला वाचवताना केई कुरोनो आणि मासारु कातो ही दोन पोरं गाडीखाली येतात. पुढच्या क्षणी ती एका रिकाम्या फ्लॅटमध्ये, काळ्याभोर गोळ्यासमोर उभी असतात. हा गोळा मेलेल्यांना पुन्हा जिवंत करतो आणि परग्रहवासीयांची शिकार करायला पाठवतो. शंभर गुण मिळवा, सुटका करून घ्या!

ही कथा हिरोया ओकु यांच्या 'गान्त्स' या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची. ती २००० ते २०१३ अशी तेरा वर्षं चालली, तिचे ३७ खंड झाले. सगळी गंमत तिच्या वेगात होती.

२००४ मध्ये गोंझो स्टुडिओने तिची ॲनिमे मालिका काढली आणि नेमका तो वेगच हरवला. दिग्दर्शक होते इचिरो इतानो, 'मॅक्रॉस' या ॲनिमेमधल्या क्षेपणास्त्रांच्या भन्नाट दृश्यांसाठी नावाजलेले. तरी इथे मृत्यू समोर उभा असताना पात्रं मनातल्या मनात बोलत राहतात. शत्रूही बिचारा ताटकळतो. मांगात ही घालमेल वाचक झरझर पानं उलटत मागे टाकतो, पडद्यावर ती सोसावी लागते. त्यात फुजी टीव्हीवरच्या प्रसारणात हिंसक दृश्यांना कात्री लागली.

मोठी अडचण वेगळीच होती. मूळ कथा तेव्हा संपलेली नव्हती. मग २६ भागांच्या या मालिकेला स्वतःचा शेवट रचावा लागला, आणि तो उगाच गूढ, अर्धवट वाटतो.

२०१६ च्या 'गान्त्स: ओ' या संगणकनिर्मित चित्रपटाने शहाणपणा केला: मांगातली फक्त ओसाकाची लढाई उचलली.